बावखलाचं सत्र आणि देवघरातली घंटा

आमच्या देवघरातली घंटा हल्ली मला ऐकवत नाही. याचा माझ्या श्रद्धेशी संबंध नाही. श्रद्धा होती तेवढीच आहे, बेताची. पण रोज सकाळी साडेसातला विनया, म्हणजे माझी बायको, पूजेत ती छोटी पितळी घंटा वाजवते आणि माझ्या हातातला चहाचा कप आपोआप बशीत जाऊन बसतो. वसईकडच्या गास गावच्या बळीरामभाऊंचं अर्धं वाक्य कानाशी येऊन उभं राहतं. ते अर्धं राहिलं ते माझ्यामुळे, आणि याच घंटेमुळे.

मी इथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या पदोन्नतीच्या अर्जात एक रकाना असतो, 'परिषदेतील सत्र-संयोजन'. त्यात मी सोळा वर्षं 'निरंक' लिहीत आलो होतो. निरंक हा शब्द एकदा लिहिला तर भारदस्त वाटतो, सोळाव्यांदा लिहिताना तो आपलं आडनाव असावं तसा वाटायला लागतो. यंदा कॉलेजने पुन्हा राष्ट्रीय परिषद भरवायची ठरवली, विषय 'शाश्वत विकास: स्थानिक ते वैश्विक'. या वेळी कुणीही सत्राचा प्रस्ताव द्यावा, असं परिपत्रक निघालं. मी सत्र घ्यायचं ठरवलं. कशावर, ते ठरायचं होतं. आमच्या क्षेत्रात या क्रमात काही वावगं मानत नाहीत.

विषय लिफ्टमध्ये मिळाला. आमच्या नालासोपाऱ्याच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ऑस्कर राहतो. जहाजावर इंजिनियर होता, आता निवृत्त आहे आणि त्यामुळे उपलब्ध आहे.

"सर, तुम्ही कायम महागाईवर बोलता," तो म्हणाला. "महागाई आम्हाला न बोलता पण कळते. बावखलावर करा ना काहीतरी. सगळी भरून टाकतायत."

"मी त्याचाच विचार करत होतो," मी म्हणालो.

बावखल म्हणजे काय, हे मी घरी येऊन शोधलं. वसईकडच्या वाड्यांमधून खणलेली पाण्याची जागा, विहिरीहून मोठी, तलावाहून लहान. पावसाचं पाणी त्यात साठतं, झरे जिवंत राहतात, त्यावर नारळी-केळी जगतात. फोटो मात्र ओळखीचा निघाला. गासच्या रस्त्याला मी संध्याकाळी फिरायला जातो, तिथलं हिरवी साय धरलेलं एक डबकं फोटोतल्यासारखंच होतं. मी ते डबकं समजत होतो. इतकंच नव्हे, गेल्या वर्षी गणपतीनंतरचं निर्माल्य मी पिशवीला गाठ मारून त्यातच सोडलं होतं, आणि वर हातही जोडले होते. ही गोष्ट मी प्रस्तावात लिहिली नाही. विनयालाही सांगितली नव्हती. तिला मी 'विधिवत केलं' एवढंच म्हटलं होतं.

सत्राचं शीर्षक पंधरा शब्दांचं झालं. ते घेऊन मी उर्सुला मॅडमकडे गेलो. त्या आमच्या उपप्राचार्य आणि परिषदेच्या सचिव. रसायनशास्त्राच्या असल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत नेमकं किती ते लागतं.

"वक्ते चार हवेत," त्या म्हणाल्या, "आणि त्यांतला एक स्थानिक समुदायातला. नियम नऊ."

"मी आहे की स्थानिक. बावीस वर्षं नालासोपाऱ्यात फ्लॅट आहे."

"फ्लॅट हा समुदाय नाही, सर. ज्याचं बावखल आहे असा एक माणूस आणा."

माझ्याकडे तीन प्राध्यापक होते. तिघांपैकी कुणाचंही बावखल नव्हतं. एकाचा डोंबिवलीला ब्लॉक होता. शेवटी पुन्हा ऑस्कर. त्याने मला स्कूटरवर मागे बसवून गासला नेलं. वाटेत तो मला वाडी, बांध, पाट हे सगळं समजावत होता आणि मी मागून 'अर्थातच' म्हणत होतो. स्कूटर थांबली ती नेमकी माझ्या डबक्यापाशी.

बळीरामभाऊ सत्तरीचे. केळीची सुकलेली पानं कापत होते. त्यांनी कोयता बाजूला ठेवला, हात धुतले आणि आम्हाला ओट्यावर बसवलं. त्यांच्या पत्नी बायजाबाई चहा घेऊन आल्या. मी डबक्याकडे पाठ होईल असा बसलो.

"हे माझ्या आज्याच्याही आधीचं," बळीरामभाऊ म्हणाले. "सात घरांचं पानी. मे महिन्यात एक दिवस ठरलेला. सात घरांतून सात मानसं उतरायची, गाळ काढायचा, तो नारळाच्या बुडात टाकायचा. ज्यानं पानी घेतलं त्यानं गाळ काढायचा, असा नियम. आता घरात नळ आला. पोरं फ्लॅटमध्ये गेली. तीन वर्षं कोन उतरला नाय. आम्ही दोघं म्हातारे किती उपसनार?"

इतक्यात त्यांचा पुतण्या प्रितेश मोटारसायकलवरून आला. बावखलात त्याचा निम्मा वाटा. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"सर, तुम्हीच समजवा काकांना," तो म्हणाला. "पाणी असेल तर मी कशाला बुजवू? पण हा नुसता चिखल आहे, मच्छर होतात. बाजूच्या बिल्डिंगवाल्यांना पार्किंगला जागा पाहिजे. मी काकांना बोललोय, मेअखेर गाळ निघाला तर ठीक. नाहीतर एक जूनला डंपर."

प्रितेश गेल्यावर बळीरामभाऊंनी मला विचारलं, "तुमच्या त्या सत्राला मानसं किती असतात?"

"सत्तर," मी म्हणालो. सत्तर हा नोंदणीचा आकडा होता. नोंदणी आणि हजेरी यांतला फरक त्यांना सांगायची ही वेळ नव्हती, असं मला वाटलं.

"सत्तर," ते म्हणाले. बावखलाकडे बघत त्यांनी मनात काहीतरी भागाकार केला असावा. "मग येतो. बावखलाचं सगळं सांगतो, आनि शेवटी त्यांना एकच मागनं मागतो. मे महिन्यात एक दिवस या. चालेल ना तसं?"

"चालेल म्हणजे काय, तोच तर सत्राचा गाभा आहे," मी म्हणालो. असली वाक्यं मी झोपेतही बोलतो. पण त्यांनी ते वाक्य खरं धरलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं मला आता म्हणता येणार नाही.

यानंतर परिषदेचं पोर्टल, म्हणजे वक्त्यांची ऑनलाइन नोंदणी. बळीरामभाऊंचं शिक्षण सातवी, आणि पोर्टलमधली यादी पदवीपासून सुरू होत होती. काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मी 'इतर' शोधलं. इतरही पदवीधरच होते. शेवटी बोट कुठे पडलं कोण जाणे, छापील कार्यक्रमपत्रिकेत 'डॉ. बळीराम, गास' असं आलं. पत्रिका द्यायला गेलो तेव्हा बळीरामभाऊंनी ती लांब धरून वाचली.

"हे कोन?"

"तुम्हीच. तांत्रिक चूक आहे."

बायजाबाई आतून म्हणाल्या, "डाक्टर झालात तर आधी माझे गुडघे बघा."

पोर्टलने आणखी एक केलं. पाणी हा शब्द दिसल्यामुळे आमचं सत्र त्याने 'खाडीकिनारी पर्यटनाच्या संधी' या सत्राशी जोडून टाकलं. दीड तासाचं सत्र पाऊण तासावर आलं आणि वक्ते चाराचे सहा झाले. मी उर्सुला मॅडमकडे तक्रार घेऊन गेलो.

"प्रत्येकाला सात मिनिटं," त्यांनी हिशेब केला. "अध्यक्ष तुम्ही. सहाव्या मिनिटाला एक घंटा, सातव्याला दुसरी. सव्वाला जेवण. एक मिनिट इकडेतिकडे नको, कॅटरर ऐकत नाही."

"घंटा कॉलेजची मिळेल ना?"

"ती मागच्या परिषदेत हरवली. घरून आणा."

अशा रीतीने देवघरातली घंटा राष्ट्रीय परिषदेला गेली. विनयाने ती फडक्यात गुंडाळून दिली आणि म्हणाली, "जपून वाजवा. आईंची आहे." आई म्हणजे माझी.

परिषदेचा दिवस उजाडला. सकाळची वेळ दीपप्रज्वलन आणि सत्कारांत गेली, हे सांगायला नको. प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा आले आणि त्याबद्दल पंधरा मिनिटं दिलगिरी व्यक्त करत राहिले. आमचं सत्र साडेबाराला होतं, ते बारा पन्नासला सुरू झालं. बळीरामभाऊ साडेनऊपासून दुसऱ्या रांगेत बसून होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात चौघडी केलेला कागद, गळ्यात 'डॉ.' लिहिलेलं ओळखपत्र. ऑस्कर त्यांच्या शेजारी.

सत्र म्हटलं की आधी सत्कार. सहा वक्त्यांना सहा शाली आणि सहा नारळ. नंदाखाल-गासपासून आगाशीपर्यंत नारळीच्या वाड्या असताना आमच्या समितीने नारळ बाहेरगावहून आणले होते, ते घाऊक मिळतात म्हणून. बळीरामभाऊंनी नारळ कानाशी नेऊन हलवला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझी पंचाईत होऊ नये म्हणून तो हळूच शालीखाली ठेवला.

पहिले वक्ते आमचे निवृत्त विभागप्रमुख. ते सतरा मिनिटं बोलले. मी घंटेला हात लावला नाही, माझ्या पीएच.डी.वर त्यांची सही आहे. दुसऱ्या बाई पदोन्नतीच्या समितीवर असतात. त्या चौदा मिनिटं बोलल्या, आणि मी मान डोलावत राहिलो. पर्यटनवाल्यांनी एक ध्वनिचित्रफीत आणली होती. ती लागायला चार मिनिटं आणि बंद व्हायला सहा. उरलेल्या दोघांना मी हात जोडले, त्यांनी 'पेपर सादर झाला असं समजावं' म्हणून समजूतदारपणा दाखवला. प्रमाणपत्र त्यांना तरीही मिळणार होतं, त्यामुळे समजूत सोपी गेली.

बळीरामभाऊ उभे राहिले तेव्हा एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती. मसालेभाताचा वास सभागृहात आला होता आणि माणसं एकेक करून त्याच्या दिशेने चालली होती. त्यांनी कागद उघडला, पण वाचला नाही. आज्याचं सांगितलं, सात घरांचं सांगितलं. चैत्रात विहिरी खारट होतात तेव्हा बावखलालगतची विहीर गोड का राहते, ते सांगितलं. त्या दिवशी सबंध इमारतीत तेवढंच काहीतरी सांगितलं जात होतं. पुढच्या रांगेतली एक मुलगी वही काढून लिहायला लागली.

सहा मिनिटं झाली. दारात उर्सुला मॅडम दिसल्या. त्यांनी मनगटावर बोट ठेवलं.

"म्हनून मंडळी," बळीरामभाऊ म्हणाले, आणि आता त्यांनी कागदाकडे पाहिलं, "माझं एकच मागनं…"

मी घंटा वाजवली.

का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. सतरा मिनिटांच्या माणसापुढे जो हात गप्प बसला तो इथे कसा उठला, याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते छापण्यासारखं नाही. सत्र सुरू झाल्यापासून अध्यक्ष असूनही मला कुणावर अध्यक्षपण चालवता आलं नव्हतं. हा एक माणूस ऐकेल, असा माझा अंदाज होता.

अंदाज बरोबर निघाला. घंटेचा आवाज होताच ते थांबले. देवाच्या घंटेला माणूस थांबतो तसे, मान किंचित लववून. "बरं सर," म्हणाले, कागदाची पुन्हा चौघडी केली, खिशात ठेवली आणि खाली बसले. आभारप्रदर्शनात मी 'समयोचित मनोगत' असा शब्द वापरला.

जेवणाच्या रांगेत ते मला शोधत आले. गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं. "हे परत द्यायचं असेल ना." मग म्हणाले, "सत्तर म्हनाला होतात. मी मोजली, एकोनीस होती." आरोप नव्हता. शेतकरी माणूस, मोजून सांगितलं.

माझ्या अर्जातल्या रकान्यात 'एक' हा आकडा आला. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ऑस्कर लिफ्टमध्ये भेटला की छताकडे बघायचा, आणि दार उघडताना विचारायचा, "काय सर, बेल घेतली का बरोबर?" एकदा लिफ्टमध्ये आणखी चार जण होते, त्यांना कळलं नाही, तरी ते हसले. परिषदेचं चित्रीकरण कॉलेजने इंटरनेटवर टाकलं. विनयाने ते भाजी निवडता निवडता पाहिलं. घंटा वाजली तिथे तिने मागे घेऊन पुन्हा पाहिलं.

"बोलू द्यायचं होतंत त्यांना," ती म्हणाली.

"कॅटरर थांबत नव्हता."

"घंटा पुसून ठेवली आहे मी," ती म्हणाली. एवढंच. पण दुसऱ्या दिवशीपासून ती पूजेत घंटा जरा जास्त वेळ वाजवते, असा माझा संशय आहे.

एप्रिलच्या शेवटी मी गासला गेलो. हातात बळीरामभाऊंचं प्रमाणपत्र होतं, लॅमिनेट केलेलं. प्रायश्चित्त घ्यायला जाताना माणूस लॅमिनेशन करून नेतो, यावरून माझ्या एकूण शिक्षणाची कल्पना यावी. त्यांनी ते घेतलं आणि बायजाबाईंकडे दिलं. बायजाबाईंनी ते पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवून पाहिलं; बेताचं बसलं.

"बळीरामभाऊ, तुमचं त्या दिवशी राहिलेलं," मी म्हणालो, "ते मला सांगा. मी लिहून घेतो, पुस्तकात छापू."

"ते मानसांपुढे बोलायचं होतं, सर," ते म्हणाले. "तुम्ही एकटेच आलात."

बावखल पुष्कळ आटलं होतं. मेअखेरीला महिना उरला होता.

घरी येऊन मी परिषदेच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, की मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी गाळ काढायला यावं. सत्तर जणांपैकी एकेचाळीस अंगठे आले. 'स्तुत्य' असं सात जणांनी लिहिलं. येतो, असं कुणीच लिहिलं नाही. मग निवृत्त विभागप्रमुखांनी तो प्रश्न विचारला, जो मला आधीच सुचायला हवा होता: "प्रमाणपत्र आहे का?"

मी उर्सुला मॅडमकडे गेलो. चिखल काढण्याला 'विस्तारित क्षेत्रीय सत्र' म्हणता येईल का, असं विचारलं. दारातून मनगटावर ठेवलेलं ते बोट त्यांनाही आठवत असावं.

"किती तास?"

"सहा."

"सहा तासांचं देता येतं," त्या म्हणाल्या. "आणि मी येते. गमबूट प्रयोगशाळेत आहेत."

रविवारी सकाळी सात वाजता अकरा जण आले. विभागप्रमुख कडेला छत्री घेऊन बसले, त्यांनी 'मार्गदर्शन' हा प्रकार निवडला होता. वही काढणारी ती मुलगी आली, तिचं नाव उन्नती. ऑस्करने फावडी आणली. विनया पंजाबी ड्रेस खोचून उतरली. मी विचारलं, "घंटा?" ती म्हणाली, "देवाकडे आहे."

आम्ही ओळ केली. बळीरामभाऊ आणि मी खाली गुडघाभर चिखलात, वरती टोपल्या हातोहात नारळांच्या बुडाशी. दहा मिनिटांत माझी पाठ बोलायला लागली. बळीरामभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सात मिनिटं झाली की बसा, सर." ऑस्कर वरून इतका हसला की टोपली सांडली.

अकराच्या सुमारास फावड्याला काहीतरी अडकलं. बळीरामभाऊंनी ओढून काढलं. गाठ मारलेली एक पिशवी. त्यांनी ती पाण्यात खंगाळली आणि अक्षरं वर आली: आमच्या कॉलेजचं नाव, आणि खाली आमच्या मागच्या परिषदेचं शीर्षक, 'पर्यावरण: जबाबदारी कोणाची?' आत काळे पडलेले दूर्वांचे जुडगे.

"तुमच्या कालेजचं कोनतरी आधी येऊन गेलेलं दिसतंय," बळीरामभाऊ म्हणाले.

उर्सुला मॅडमनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. विनयाने फक्त माझ्याकडे. 'विधिवत' हा शब्द तिच्या ओठांवर मला दिसला.

"माझी आहे," मी म्हणालो.

बळीरामभाऊंनी पिशवी माझ्या टोपलीत ठेवली, वर गाळाचं फावडं टाकलं आणि टोपली माझ्या हातात दिली. "ज्यानं पानी घेतलं त्यानं गाळ काढायचा," ते म्हणाले. "तुम्ही तर वर भर घातलीत. दोन दिवस या."

एक वाजता प्रितेश आला. कडेला उभा राहून त्याने बघितलं. ईशान्येच्या कोपऱ्यात चिखल निघालेल्या जागी ताटाएवढं पाणी जमलं होतं, आणि ते हळूहळू परातीएवढं होत होतं. तो खाली बसला, त्याने ओंजळीत घेऊन चाखलं. मग फोन काढून डंपरवाल्याला लावला. "हां भाऊ, एक तारखेचं राहू दे," तो म्हणाला. "दिवाळीनंतर बघू." आमच्याकडे वळून म्हणाला, "यंदापुरतं," आणि पँट दुमडायला लागला.

बायजाबाईंनी जेवायला हाक मारली. सव्वा वाजून गेला होता. कुणी हललं नाही, कारण बळीरामभाऊंनी चिखलाचा हात धोतराला पुसून खिशातून कागद काढला होता. तीच चौघडी. त्यांनी ती उलगडली आणि बोट ठेवून जागा शोधली.

"म्हनून मंडळी," त्यांनी वाचलं, "माझं एकच मागनं. मे महिन्यात एक दिवस बावखलात उतरायला या."

मग मान वर करून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत काळे झालेले दहा जण आणि छत्रीखालचे विभागप्रमुख. पहिल्यांदाच ते थोडे ओशाळले.

"तुम्ही तर आलात," ते म्हणाले. "याच्या पुढचं मी काय लिहिलंच नाय."

अध्यक्ष म्हणून समारोप करणं माझं काम होतं. मी टोपली उचलली आणि वर दिली.